‘लोड घेणे’ शब्दकोशात घालायचं असेल तर काय काय करावं लागतं

आमच्याकडे एका लग्नात भाचा आजीला म्हणाला, “आज्जी तू लोड नको घेऊस.” आजी भिंतीला टेकून बसली होती, ती म्हणाली, “मग पाठीला काय घेऊ?” सगळे हसले, पण चूक आजीची नव्हतीच, जुन्या कोशात लोड म्हणजे गादीवरचा तो लांबट तक्क्याच. भाच्याचा लोड वेगळा, तो म्हणजे टेन्शन. तर हा दुसरा लोड कोशात जायचा असेल तर कसा जाईल, आणि तुम्हाला आवडणारा एखादा शब्द घेऊन हेच काम घरी कसं करून बघायचं ते लिहितोय.

आधी एक डोक्यातून काढून टाका, की कोशवाले बसून ठरवतात हा शब्द चांगला, हा वाईट. ते चिठ्ठ्या बघतात, म्हणजे तो शब्द कोणी कुठे खरंच वापरला त्याची उतरवून ठेवलेली वाक्यं. आपल्या येरवड्याच्या डेक्कन कॉलेजात संस्कृत कोशाचं काम १९४८ ला सुरू झालं, दीड हजाराच्या आसपास ग्रंथ वाचून जवळजवळ एक कोटी चिठ्ठ्या केल्या आणि पहिला भाग छापून यायला १९७६ उजाडलं. ऑक्सफर्डच्या इंग्रजी कोशाचं पण तेच, जेम्स मरे १८७९ ला संपादक झाले आणि त्यांनी लोकांनाच आवाहन केलं की पुस्तकं वाचा आणि वाक्यं उतरवून पाठवा.

तुमची चिठ्ठी कशी हवी? एका चिठ्ठीवर एकच वाक्य, पण पूर्ण. शब्द, वाक्य, कुठे सापडलं, तारीख, कोणी लिहिलं. अर्थ लिहायची घाई नको, तो नंतर. फोनमध्ये स्क्रीनशॉट काढून ठेवत असाल तर तारीख दिसेल असा काढा, मी सुरुवातीला नुसते कापून ठेवले आणि आता त्यातल्या अर्ध्यांचा काही उपयोग नाही. आणि अक्षर नीट काढा, कारण चिठ्ठी चुकली की काय होतं बघा: अमेरिकेत वेबस्टरच्या कोशासाठी एक चिठ्ठी होती, ‘डी ऑर डी’, म्हणजे मोठा डी किंवा छोटा डी हे घनतेचं लघुरूप. ती चुकून शब्दांच्या गठ्ठ्यात गेली आणि १९३४ च्या आवृत्तीत ‘डॉर्ड म्हणजे घनता’ असा नसलेलाच शब्द छापून आला. १९३९ मध्ये एका संपादकाच्या लक्षात आलं की याची व्युत्पत्तीच दिलेली नाहीये, तेव्हा कुठे भांडं फुटलं.

विचित्र शब्दांमागेच पळू नका. मरेंची तक्रारच होती की वाचणाऱ्यांनी ‘अब्यूजन’ या दुर्मीळ शब्दाची पन्नासेक वाक्यं पाठवली आणि साध्या ‘अब्यूज’ची पाच पण नाहीत. आपलं पण होतं असं, कट्ट्यावरचा भारी शब्द टिपतो आणि ‘रेंज नाहीये’ मधला रेंज सोडून देतो.

आता कुठला पुरावा धरायचा. एकच रील पाचशे जणांनी फिरवलं तर ती एकच चिठ्ठी, पाचशे नाही. एकमेकांना न ओळखणारे लोक हवेत. इंजिनिअरिंगची पोरं सबमिशनच्या वेळी ‘लय लोड आलाय’ म्हणतात ते ठीक, पण कोल्हापूरच्या, नागपूरच्या कोणी लिहिलंय का, चाळिशीच्या पुढचं कोणी म्हणतंय का, पेपरात, कथेत, दुकानाच्या पाटीवर आलंय का ते शोधा. दाते-कर्वेंचा महाराष्ट्र शब्दकोश इथेच पुण्यात १९३२ ते १९३८ मध्ये निघाला, त्यात शब्दापुढे कोकणातला, वऱ्हाडातला अशा खुणा आहेत, आपणही चिठ्ठीवर गावाचं नाव टाकायचं. (तो आणि मोल्सवर्थचा जुना मराठी-इंग्रजी कोश दोन्ही बृहद्कोश साइटवर फुकट बघता येतात, शब्द आधीच नोंदलेला नाही ना ते तिथे पहिलं बघून घ्या, नाहीतर मेहनत फुकट.)

मला सगळ्यात उपयोगी वाटते ती खूण वेगळीच आहे. लिहिणारा शब्दाला अवतरणचिन्हं लावतो का, किंवा पुढे ‘म्हणजे टेन्शन’ असं समजावतो का? समजावत असेल तर शब्द अजून पाहुणा आहे. काही न सांगता सरळ वापरून पुढे गेला की समजायचं घरचा झाला.

मग वेळ. आज फेमस झालेला शब्द पुढच्या गणपतीपर्यंत टिकेल का, सांगता येत नाही, म्हणून कोशवाले काही वर्षं थांबतात. पण नियम मोडतात पण, ‘ट्वीट’चा नवा अर्थ ऑक्सफर्डने २०१३ ला घेतला तेव्हा शब्द दहा वर्षं तरी वापरात हवा ही आपलीच अट मोडतोय हे संपादकांनी स्वतःच सांगितलं, आणि कोविड-१९ तर २०२० च्या एप्रिलमध्येच आत आला, कारण दुसरा इलाज नव्हता.

टेक्निकल शब्द जनरली धंद्यातून बाहेर पडून सामान्य माणसाच्या तोंडी आले की मोठ्या कोशात येतात. आपल्याकडे उलटी गंगा पण असते, सरकारी परिभाषा आधी तयार होते आणि वापर नंतर बघायचा. त्यात संगणक जिंकला. भ्रमणध्वनी पत्रिकेवर आणि फॉर्मवर भेटतो, बोलताना मी अजून तरी कोणाच्या तोंडून ऐकला नाहीये.

चिठ्ठ्या जमल्या की जमिनीवर पसरा आणि ढीग करा, खरी मजा इथे आहे. माझ्या लोडचे ढीग असे झाले: तक्क्या, टेंपोतला माल, विजेचा भार, पेज लोड होणं, आणि डोक्यावरचा ताण. तक्क्याचं मूळच वेगळं, म्हणून त्याची नोंद वेगळी. बाकीचे चार इंग्रजीतून आलेले, एकाच नोंदीत पोटअर्थ म्हणून. दोन ढीग वेगळे का एकच हे कळत नसेल तर शब्द बदलून बघा: ‘टेन्शन घेऊ नको’ चालतं, ‘टेंपोत टेन्शन भरलंय’ चालत नाही (ड्रायव्हरला विचारलं तर चालेल म्हणेल ते सोडा). सोबत कुठलं क्रियापद येतं ते पण बघा. तक्क्याला टेकतात, एसी विजेचा लोड खेचतो, ताणाचा लोड घेतात, देतात किंवा येतो.

अर्थ लिहायला घ्यायचा तो आता. माझा कच्चा मसुदा असा झालाय, मराठी विक्शनरीवर (कोणीही भर घालू शकतो असा ऑनलाइन कोश) टाकायच्या आधी अजून दोन-तीन गावांच्या चिठ्ठ्या हव्यात:

लोड (२) – पु. (बोली) मनावरचा ताण, नको इतकी काळजी. [इं.] लोड घेणे: उगाच काळजी करणे. ‘उद्याचं उद्या बघू, लोड नको घेऊस.’