माजघराचा स्लॅब फुगला तेव्हा

आमचं घर वेंगुर्ल्यात, समुद्रापासून पाच मिनिटांवर. श्रावणात एका रात्री धप्पकन आवाज आला. सकाळी बघतो तर माजघरात ताटाएवढी खपली पडलेली आणि वर तांबडीलाल सळई. मी शहाणपणा करून पुट्टी भरली, रंग मारला. दिवाळीआधीच परत फुगलं.

फुगणारच. खारी हवा नि ओल सळईपर्यंत पोचली की लोखंड गंजतं, गंजाला लोखंडापेक्षा जास्त जागा लागते आणि तो सिमेंट खाली ढकलतो.

जानेवारीत गवंडीकाका आले. "आधी गच्चीतली भेग बुजव, मग खालचं बघू," म्हणाले. ते झाल्यावर हातोडीच्या दांड्याने सगळा स्लॅब ठोकला. जिथे डबडब वाजलं तिथे खडूने रेघ. ताटाचं घोंगडं झालं! पोकळ भाग सळईच्या मागे बोट जाईल इतका फोडला, तारेच्या ब्रशने सळई चकचकीत घासली, गंजरोधक प्रायमर मारला. दुसऱ्या दिवशी जुन्याला नवं धरून ठेवणारा बाँडिंगचा हात, आणि तो चिकट असतानाच पॉलिमर मॉर्टर (पॉलिमर घातलेला सिमेंटचा माल), पातळ थरांत. जाड थर लोंबतो, हे डोक्यावर पडल्यावर कळलं. (गंजाने सळई बारीक झाली असेल तर मात्र इंजिनिअरच बोलवा.)

जुना गिलावा स्पंज फिरवून केलेला, खरबरीत. गुरमाळ्याने (गवंड्याच्या सपाट लोखंडी थापीने) गुळगुळीत केलं असतं तर ठिगळ उठून दिसलं असतं. म्हणून स्पंजचा प्लायच्या तुकड्यावर तीनदा सराव केला. पाणी जास्त झालं की रेती सुटते. स्पंज घट्ट पिळून, गोल फिरवायचा.

संध्याकाळच्या तिरप्या उन्हात जोड अजून दिसतो. आई म्हणते, दिसूंदे.