फिजिक्स इंजिन फुकट, मग पैसे जातात कुठे?

स्टुडिओत नव्याने आलेली मुलं हमखास विचारतात, "फिजिक्स इंजिनचं लायसन्स केवढ्याला पडतं?" फिजिक्स इंजिन म्हणजे गेममधल्या वस्तूंचं पडणं, आदळणं, घरंगळणं घडवणारं तयार सॉफ्टवेअर. लायसन्सचा हा प्रश्न जुना आहे. एके काळी चांगलं फिजिक्स म्हणजे हॅवॉक हे विकतचं इंजिन, आणि हॅवॉक म्हणजे सेल्सवाल्यांशी बोलणी. आज बहुतेकांसाठी उत्तर शून्य रुपये असं आहे. पण ते ऐकून खूश होणाऱ्याला मी लगेच लायसन्सची फाइल उघडायला लावतो.

एमआयटी, झेडलिब, बीएसडी ही कोड फुकट वापरू देणारी लायसन्सं. टू-डीसाठी बॉक्सटूडी हे इंजिन, एमआयटी लायसन्स. थ्री-डीसाठी बुलेट झेडलिबखाली, जोल्ट एमआयटीखाली. एनव्हिडियाने फिजएक्स डिसेंबर 2018 मध्ये बीएसडीखाली खुलं केलं. फुकट आहे म्हणून कच्चं असेल असं समजू नका. जीटीए 5 मध्ये बुलेट आहे, होरायझन फॉरबिडन वेस्टमध्ये जोल्ट.

आता ती फाइल. झेडलिब जेमतेम पानभर असतं. त्यात म्हटलंय की श्रेय दिलंत तर आनंद आहे, सक्ती नाही. बॉक्सटूडी आधी याच लायसन्सखाली होतं आणि अँग्री बर्ड्स त्यावर चालायचा. 2011 च्या जीडीसीत, म्हणजे गेम बनवणाऱ्यांच्या परिषदेत, प्रश्नोत्तरांच्या वेळी एक जण उठला आणि त्याने अँग्री बर्ड्स बनवणाऱ्या रोव्हिओच्या माणसाला विचारलं, गेममध्ये फिजिक्स इंजिन कोणतं? उत्तर आलं, बॉक्सटूडी. मग त्याने विचारलं, श्रेय द्याल का? विचारणारा होता एरिन कॅटो, बॉक्सटूडीचा कर्ता. लायसन्सप्रमाणे रोव्हिओचं काहीच चुकलं नव्हतं, तरी सभागृहात रोव्हिओच्या त्या माणसाचं काय झालं असेल!

एमआयटी आणि बीएसडीत मात्र ही मुभा नाही. कॉपीराइटची ओळ आणि लायसन्सचा मजकूर गेमसोबत गेलाच पाहिजे. म्हणून सेटिंग्जमध्ये "ओपन सोर्स लायसन्सेस" अशी एक कंटाळवाणी स्क्रीन असते. ती बनवायचं काम नवख्याच्या गळ्यात पडतं, आणि माझ्या मते ते पडावंच. मी एक शीट ठेवतो: लायब्ररी (म्हणजे बाहेरून घेतलेला तयार कोड), व्हर्जन, लायसन्स, कुठून घेतली, आपण कोडमध्ये बदल केला का. उसनवारीच्या वहीसारखीच ही नोंद, घेतानाच करायची. रिलीजच्या आदल्या आठवड्यात पब्लिशर यादी मागतो, तेव्हा लायब्ररीची कुठली .dll फाइल कुणी टाकली हे कुणालाच आठवत नसतं. ओडीई या फिजिक्स इंजिनासारख्या लायब्रऱ्या एलजीपीएल (जास्त अटींचं लायसन्स) आणि बीएसडी असे दोन पर्याय देतात. त्यातला कोणता घेतला तेही तिथेच लिहायचं.

खरे पैसे गेम इंजिनमध्ये, म्हणजे अख्खा गेम ज्यात बनतो त्या युनिटीसारख्या सॉफ्टवेअरमध्ये, जातात. युनिटीत नेहमीचं थ्री-डी फिजिक्स फिजएक्सवर चालतं आणि टू-डी बॉक्सटूडीवर. दोन्ही मूळचे फुकट, पण गेल्या 12 महिन्यांतलं उत्पन्न आणि फंडिंग 2 लाख डॉलरच्या वर गेलं की युनिटी प्रो घ्यावं लागतं, तेही माणशी, वर्षाला 2 हजार डॉलरहून जास्त देऊन. युनिटीच्या आत हॅवॉक हवं असेल तरी प्रो किंवा वरचा प्लॅन लागतो. शिवाय नियम बदलू शकतात: सप्टेंबर 2023 मध्ये युनिटीने इन्स्टॉलमागे रनटाइम फी जाहीर केली, गदारोळ झाला, आणि वर्षभराने ती मागे घेतली.

अनरिअल या दुसऱ्या गेम इंजिनमध्ये केऑस हे फिजिक्स इंजिन सोबतच येतं. एका गेमची कमाई 10 लाख डॉलर होईपर्यंत रॉयल्टी नाही, पुढच्या रकमेवर साधारण 5 टक्के. म्हणजे 12 लाख कमावले तर 2 लाखांवर 10 हजार डॉलर. हा हिशोब एकूण विक्रीवर होतो, स्टीम या ऑनलाइन गेम दुकानाने आपले 30 टक्के कापल्यावर हातात उरतं त्यावर नाही. बजेट मांडताना बरेच जण इथेच फसतात. गोडो हे खुलं गेम इंजिन यातलं काहीच मागत नाही, आणि 4.4 व्हर्जनपासून त्यात जोल्ट आतच मिळतं.

मग हॅवॉकसारखं इंजिन विकत घेण्यात अर्थ आहे का? मोठ्या कन्सोल गेमला आहे. एकावर एक रचलेली खोकी थरथरतायत, फक्त एकाच कन्सोलवर, आणि सर्टिफिकेशन, म्हणजे कन्सोल कंपनीची तपासणी, तोंडावर आलंय, अशा वेळी फोन उचलणारा माणूस हवा असतो. लायसन्सची रक्कम मुख्यतः त्या माणसासाठी मोजायची. दोन-तीन जणांच्या टीमने त्या वाटेला जाऊ नये.

मुलाखतीला येताना पोर्टफोलिओतल्या गेमचं क्रेडिट्स पान उघडून दाखवा. मी आधी तेच बघतो, गेम नंतर खेळतो.