छोट्या आर्किटेक्चर ऑफिसने इमारतींची एनर्जी वाचवण्याच्या कामात कसं शिरायचं

आधी महागडं सॉफ्टवेअर घेऊ नका. हातातल्याच एखाद्या अपार्टमेंटचं ड्रॉइंग काढा आणि इको निवास संहिता २०१८ (राहत्या इमारतींसाठीची केंद्राची ऊर्जाबचत संहिता) प्रमाणे आरईटीव्ही काढून बघा, म्हणजे भिंती-खिडक्यांतून आत येणारी उष्णता, आपल्याकडे ती दर चौरस मीटरला १५ वॅटच्या आत हवी. बीईईचं, म्हणजे केंद्राच्या ऊर्जा कार्यक्षमता ब्युरोचं, हे गणित करणारं टूल फुकट आहे. आकडा फुगला तर बहुतेक वेळा पश्चिमेच्या मोठ्या काचाच नडतात, मग छज्जा वाढवा, काच बदला, विटेऐवजी एएसी ब्लॉक (हलके, सच्छिद्र काँक्रीटचे) टाकून बघा आणि आधीचा व नंतरचा असे दोन्ही आकडे क्लायंटसमोर ठेवा. बिल्डरला पर्यावरण सांगून काही होत नाही हो, एसीचं टनेज, म्हणजे लागणारी क्षमता, किती कमी होईल ते सांगा!

आता माणसं. हे आकडेमोडीचं काम करायला बी.आर्कच लागतो असं अजिबात नाही, आयटीआयचा ड्राफ्ट्समन सिव्हिल केलेली मुलं-मुली नीट शिकवलं तर मस्त करतात. अप्रेंटिस म्हणून रीतसर घ्या, एनएपीएसमध्ये (राष्ट्रीय अप्रेंटिसशिप प्रोत्साहन योजनेत) स्टायपेंडचा २५ टक्के, जास्तीत जास्त १५०० रुपये महिन्याला, केंद्र सरकार देतं. व्हीलचेअरवरच्या माणसालाही हे काम जमतं, फक्त ऑफिस लिफ्ट नसलेल्या तिसऱ्या मजल्यावर नको. आणि मुलींना साइटवर पाठवणार असाल तर तिथे टॉयलेट आहे का ते कॉन्ट्रॅक्टरला आधी विचारा.