थंडीत फियाट चालू करताय? आधी अ‍ॅक्सिलरेटरवरचा पाय काढा

आमची फियाट म्हणजे प्रीमियर पद्मिनी, १०८९ सीसीची, स्टेअरिंगला गिअरवाली, मे महिन्यात अर्ध्या सेल्फला चालू होते पण डिसेंबरात नाशिकला पारा १० च्या खाली गेला की तिचे नखरे सुरू. कित्येक वर्षं मी पण तेच करायचो जे सगळे करतात, म्हणजे चोक पूर्ण ओढायचा, पायाने पाच-सहा पंप मारायचे, मग सेल्फ, मग पेट्रोलचा वास आणि शेवटी शेजारचे काका स्वेटर घालून धक्का मारायला.

झालं काय, तर चोक म्हणजे नेमकं काय हेच मला माहीत नव्हतं. गार इंजिनात पेट्रोलची वाफ नीट होत नाही, थेंब मॅनिफोल्डलाच (इंजिनात जायच्या नळीलाच) चिकटून बसतात आणि आत जास्त हवाच जाते, म्हणून जास्तीचं पेट्रोल लागतं, आणि ते देतो तो चोक. ते कसं मिळतं हे कार्बोरेटरवर, म्हणजे हवा-पेट्रोल मिसळणाऱ्या भागावर असतं. एअर क्लिनर काढा आणि कुणालातरी चोक ओढायला सांगून वरून बघा. तोंडावरचं पातं बंद झालं तर तो पात्याचा चोक, त्याला आधी एकदा-दोनदा पाय दाबला तर चालतं. पण आमच्या सोलेक्स कार्बोरेटरला पातंच नाही, बाजूला स्वतःचा जेट (पेट्रोलचं बारीक छिद्र) असलेला छोटा वेगळा स्टार्टर आहे आणि तो थ्रॉटल (पायाने उघडणारी झडप) बंद असताना खाली जी ओढ तयार होते तिच्यावर चालतो. पाय दाबला की ओढ गेली, म्हणजे चोक ओढूनही न ओढल्यासारखा! मॉरिस मायनरसारख्या एसयू कार्बोरेटरवाल्या गाडीत तर अ‍ॅक्सिलरेटर पंपच (पाय दाबला की पेट्रोलची पिचकारी मारणारा) नसतो, तिथे कितीही पाय आपटा, काही होत नाही.

तर आता मी असं करतो. गाडी आठवडाभर उभी असेल तर कार्बोरेटरच्या बाऊलमधलं (छोट्या टाकीतलं) पेट्रोल उडून गेलेलं असतं, मग आधी पेट्रोल पंपाची हाताची दांडी दहा-पंधरा वेळा मारतो (तुमच्या पंपाला ती नसेल तर चोक न देता थोडा सेल्फ मारा, बाऊल भरतो). मग हेडलाइट-बिडलाइट सगळं बंद, चोक पूर्ण, क्लच पूर्ण दाबलेला कारण गिअरबॉक्समधलं ऑइल पण थंडीत घट्ट झालेलं असतं आणि ते फिरवायचं काम बॅटरीला कशाला, आणि उजवा पाय चक्क बाजूला. सेल्फ पाच-सात सेकंदच. नाही उचलली तर अर्धा मिनिट थांबा, बॅटरीला श्वास घेऊ द्या.

पेट्रोलचा वास आला म्हणजे ओव्हर झालीय, आत पेट्रोल जास्त झालंय. आता उलटं करायचं, चोक आत, अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण दाबून धरायचा (पंप नाही मारायचे) आणि सेल्फ. तरी नाही तर प्लग काढून पुसा, वाळवा, ठिणगीचे पॉइंट (डिस्ट्रिब्युटरमधले) पण बघा, निम्म्या वेळा कार्बोरेटर उगाच शिव्या खातो.

चालू झाली की दहा मिनिटं दारात घुरघुरत ठेवायची सवय मात्र सोडा. चोकवर जास्तीचं पेट्रोल सिलिंडरच्या भिंतीवरचं ऑइल धुवून काढतं, प्लग काळे होतात ते वेगळंच. अर्धा-एक मिनिट, ऑइलचा दिवा गेला, निघा. चोक थोडा थोडा आत ढकलत जायचा, आचके द्यायला लागली तर परत किंचित ओढा, आमची साधारण दीड किलोमीटरनंतर चोक न घेता चालते. तापमानाचा काटा वर येईपर्यंत रेस करू नका. आणि बंद गॅरेजमध्ये तर अजिबात चालू ठेवू नका, धूर जीवघेणा असतो.

काटा वरच येत नसेल तर थर्मोस्टॅट (इंजिन तापेपर्यंत पाणी रेडिएटरकडे अडवणारी झडप) आहे का ते बघा. आपल्याकडे गाडी गरम होते म्हटलं की मेकॅनिक पहिला थर्मोस्टॅट काढून टाकतो, तो कायमचा. आमचा पण गेला होता, मला कळलं कितीतरी वर्षांनी, तोपर्यंत थंडीत पाच किलोमीटर गाडी चोकवर. ओळखायचं सोपं आहे, चालू केल्यावर रेडिएटरच्या वरच्या पाइपला हात लावा, पाइप बराच वेळ गार राहून मग एकदम गरम झाला तर थर्मोस्टॅट जागेवर आहे, पहिल्यापासून हळूहळू कोमट होत गेला तर बहुतेक नाहीये.

आणि हो, हल्ली पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल असतं, गारठ्यात त्याची वाफ अजूनच अवघड होते आणि जुनं रबर पण खराब होतं, त्यामुळे पेट्रोल पंपाचा डायफ्राम (आतला पडदा) आणि पेट्रोलचे पाइप दिवाळीच्या सुमारास एकदा बघून घ्या.