जुना घरचा कॉम्प्युटर: कोणता भाग बदलायचा आणि कुठे थांबायचं

२०१४-१५ च्या सुमारास घरोघरी जे असेंबल केलेले कॉम्प्युटर आले, त्यांतल्या अनेकांचा साचा सारखाच होता. एच८१ चिपसेटचा मदरबोर्ड, इंटेलचा चौथ्या पिढीतला आय३, ४ जीबी डीडीआर३ रॅम, ५०० जीबीची हार्ड डिस्क आणि कॅबिनेटसोबत आलेला एसएमपीएस, म्हणजे सगळ्या भागांना वीज पुरवणारा डबा. आज हे मशीन सुरू व्हायला तीन-चार मिनिटं घेतं, ब्राउझरचे पाच-सहा टॅब उघडले की अडखळतं, आणि दुकानात नेलं की 'आता नवीनच घ्या' असं ऐकायला मिळतं. कधी ते बरोबर असतं, पण बऱ्याचदा एक-दोन भाग बदलून मशीन आणखी काही वर्षं नीट चालतं. ते भाग कोणते, हे अंदाजाने ठरवू नये, मोजून ठरवावं.

आधी दुखणं कुठे आहे ते बघा

कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप ही बटणं एकत्र दाबली की टास्क मॅनेजर उघडतो. त्यात 'परफॉर्मन्स' टॅब उघडा ठेवा आणि ज्या कामाला मशीन रडतं तेच काम दहा मिनिटं करा. डिस्क सतत १०० टक्क्यांवर आणि मेमरी ६०-७० टक्क्यांच्या आत असेल, तर दोष हार्ड डिस्कचा. डिस्कही १०० टक्के आणि मेमरीही ९० टक्क्यांच्या पुढे असेल, तर रॅम अपुरी आहे: जागा संपली की विंडोज रॅममधला मजकूर डिस्कवर लिहून ठेवतं आणि लागला की परत वाचतं. हे दुखणं डिस्कचं वाटतं, पण मूळ रॅममध्ये असतं. डिस्क आणि मेमरी दोन्ही निवांत आणि सीपीयूच (म्हणजे प्रोसेसर) १०० टक्के असेल, तर घाई न करता आधी तापमान बघा. एचडब्ल्यूमॉनिटरसारख्या मोफत प्रोग्रॅममध्ये प्रोसेसर ९० अंशांच्या वर दिसला, तर तो स्वतःला वाचवण्यासाठी वेग कमी करत असण्याची शक्यता मोठी. तिथे नवा प्रोसेसर नको, साफसफाई हवी.

डिस्कची तब्येत क्रिस्टलडिस्कइन्फो या मोफत प्रोग्रॅममध्ये कळते. तिथे पिवळा 'कॉशन' दिसला, किंवा 'रीअ‍ॅलोकेटेड' अथवा 'पेंडिंग' सेक्टरचे आकडे शून्यावरून वर सरकलेले असले, तर बाकी सगळं बाजूला ठेवून फोटो आणि कागदपत्रं त्याच दिवशी दुसरीकडे कॉपी करा.

मग कॅबिनेट उघडा. प्लग काढा, पॉवर बटण दहा सेकंद दाबून ठेवा आणि कॅबिनेटच्या पत्र्याला हात लावून अंगातला स्थिर विद्युतभार उतरवा. प्रोसेसरवरच्या फॅनखाली धुळीची गादी बसलेली असते. ती मऊ ब्रशने काढताना फॅन बोटाने धरून ठेवा. प्रोसेसरची उष्णता कूलरकडे नेणारी पेस्ट दहा वर्षांत सुकून खडूसारखी होते. जुनी पेस्ट आयसोप्रोपाइल अल्कोहोलने पुसून वाटाण्याच्या दाण्याएवढी नवीन लावा. इंटेलच्या कूलरच्या चार पिना कर्णाच्या क्रमाने, समोरासमोरच्या जोडीने दाबा आणि चारही 'टक्' वाजल्याची खात्री करा. एक जरी अर्धवट राहिली तरी कूलर एका बाजूने उचललेला राहतो आणि तापमान पूर्वीपेक्षा वाढतं. कोकणात किंवा किनाऱ्याजवळ पावसाळ्यात मशीन नुसतंच बीप देऊन थांबत असेल, तर बहुतेक वेळा रॅमच्या सोनेरी पट्टीवर थर साचलेला असतो. पांढऱ्या खोडरबरने पट्टी घासा, भुगा झटका, रॅम परत बसवा. तारीख-वेळ रोज मागे जात असेल, तर बोर्डावरचा सीआर२०३२ सेल बदला.

एक गोष्ट मात्र मदरबोर्डवर नीट निरखून बघा. प्रोसेसरभोवतीच्या नळकांड्यासारख्या कपॅसिटरचं डोकं सपाट असायला हवं. ते फुगलेलं असेल किंवा तिथून तपकिरी चीक आलेला असेल, तर या मशीनमध्ये एक रुपयाही घालू नका.

एसएसडी: पहिला खर्च हाच

मिनिटाला ७२०० फेऱ्यांच्या हार्ड डिस्कची एक फेरी साधारण ८.३ मिलिसेकंदांत पूर्ण होते. वाचणारं हेड जागेवर न्यायचा वेळ धरला, तर विखुरलेला एक तुकडा वाचायला १२-१३ मिलिसेकंद जातात, म्हणजे सेकंदाला जेमतेम ७५-८० तुकडे. विंडोज सुरू होताना असे हजारो छोटे तुकडे वाचते. एसएसडीत, म्हणजे चिपवर माहिती साठवणाऱ्या डिस्कमध्ये, फिरणारं काहीच नाही, त्यामुळे ती सेकंदाला हजारो तुकडे देते. म्हणून चाळीस सेकंदांच्या आत डेस्कटॉप दिसणारं तेच जुनं मशीन नवं वाटतं.

एच८१ बोर्डाला सहसा एम.२ स्लॉट (एसएसडी थेट बोर्डावर बसवायची जागा) नसतो, तेव्हा केबलने जोडायची २.५ इंची साटा एसएसडीच घ्यायची. २४० जीबीत विंडोज आणि रोजची कामं बसतात. फोटो-व्हिडिओ बरेच असतील तर ४८० जीबी घ्या. एसएसडीच्या खोक्यात साटा डेटा केबल सहसा नसते, ती वेगळी मागून घ्या. जुन्या एसएमपीएसला साटा पॉवरचं टोक शिल्लक नसेल, तर चार पिनांवरून साटा करणारा कन्व्हर्टर लागतो. तो घेताना वायरी आतल्या पिनांना दाबून बसवलेला घ्या. प्लॅस्टिकमध्ये ओतून बंद केलेल्या स्वस्त प्रकारात वायरी आत सरकून शॉर्ट होतात आणि टोक जळतं.

एच८१ वर चार साटा पोर्ट असले, तर त्यांतले दोनच ६ गिगाबिटचे असतात, बाकीचे ३ गिगाबिटचे. बोर्डावर पोर्टशेजारी बारीक अक्षरांत ते छापलेलं असतं. एसएसडी ६ च्या पोर्टला लावली तर सेकंदाला ५०० एमबीच्या पुढे जाते, ३ च्या पोर्टवर ती २८० च्या आसपास अडते. बायोसमध्ये (बोर्डाच्या स्वतःच्या सेटिंगमध्ये) साटा मोड 'एएचसीआय' आहे ना, तेही बघा.

विंडोज नव्याने टाकताना जुन्या हार्ड डिस्कची केबल काढून ठेवा. ही पायरी गाळली की पुढे हमखास अडतं. दोन्ही डिस्क लावलेल्या असल्या तर विंडोज बूटच्या फाइल जुन्या डिस्कवर ठेवू शकतं, आणि सहा महिन्यांनी ती डिस्क गेली की धडधाकट एसएसडी असूनही मशीन सुरू होत नाही. विंडोज १० चं डिजिटल लायसन्स मदरबोर्डशी जोडलेलं असतं, त्यामुळे डिस्क बदलली तरी ते जात नाही.

रॅम

चौथ्या पिढीच्या आय३ ला डीडीआर३, १६०० मेगाहर्ट्झ लागते. डीडीआर४ ची खाच वेगळ्या जागी असते, ती बसतच नाही. एच८१ ला दोन स्लॉट आणि कमाल १६ जीबी. स्लॉटमध्ये ४ जीबीची एकच पट्टी असेल तर शेजारी आणखी ४ ची टाका. दोन सारख्या पट्ट्यांनी ड्युअल चॅनल चालू होतो, म्हणजे दोन्ही पट्ट्या एकाच वेळी वापरल्या जातात, आणि प्रोसेसरमधल्या ग्राफिक्सलाही त्याचा फायदा मिळतो. ब्राउझर, वर्ड, मुलांचे ऑनलाइन क्लास एवढ्याला ८ जीबी पुरते. १६ जीबी तेव्हाच घ्या, जेव्हा ८ जीबीवरही मेमरी ९० टक्क्यांपर्यंत जाते.

खरेदीआधी 'सिस्टिम' मध्ये विंडोज ३२ बिट आहे की ६४ ते बघा. '४ जीबी, ३.२ वापरण्याजोगी' असं दिसलं, तर ते ३२ बिटचं असण्याची शक्यता मोठी, आणि त्यावर नवी पट्टी लावून काही उपयोग नाही. ६४ बिट विंडोज टाकावंच लागतं, आणि एसएसडीवर विंडोज नव्याने टाकताना ६४ बिटचं निवडलं की ते होऊन जातं. म्हणून दोन्ही कामं एकाच दिवशी करावीत.

डीडीआर३ आता मुख्यतः वापरलेलीच मिळते. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर किंवा ऑनलाइन घेताना 'फक्त एएमडीसाठी' असं लिहिलेल्या स्वस्त पट्ट्या टाळा, इंटेलच्या बोर्डावर त्या चालत नाहीत. परत करायची बोली करून घ्या आणि घरी मेमटेस्ट८६ हा रॅम तपासणारा प्रोग्रॅम पूर्ण चालवा. एकही लाल ओळ आली तर पट्टी परत. डीडीआर३ पुढच्या मशीनला लागणार नाही, एसएसडी मात्र लागेल. म्हणून पैसे एकाच गोष्टीपुरते असतील तर एसएसडी घ्या.

एसएमपीएस आणि यूपीएस

कॅबिनेटसोबतच्या एसएमपीएसवर ठळक ४५० वॅट लिहिलेलं असतं. तो आकडा सोडा आणि लेबलवर १२ व्होल्टसमोरचे अँपिअर वाचा. १६ अँपिअर असतील तर १२ व्होल्टवर १९२ वॅटच मिळतात, आणि प्रोसेसर व ग्राफिक्स कार्ड त्यावरच चालतात. नुसती एसएसडी आणि रॅम वाढवायची असेल तर हा पुरतो. मशीन मध्येच रीस्टार्ट होत असेल, तर मल्टिमीटरने चार पिनांच्या टोकावर पिवळी-काळी वायर मोजा. लोड असताना ११.४ ते १२.६ व्होल्टच्या बाहेर गेलं की एसएमपीएस बदला. तो उघडून दुरुस्त करायला बसू नका, प्लग काढल्यावरही आतल्या कपॅसिटरमध्ये धोकादायक भार राहतो.

यूपीएसची १२ व्होल्ट, ७ अँपिअर-अवरची बॅटरी दोन-तीन वर्षांत थकते. कामं सेव्ह करून भिंतीवरचा स्विच बंद करा. दोन मिनिटांत मशीन बंद पडलं तर बॅटरी गेलेली आहे. एसएसडीत लिहिणं चालू असताना वीज तुटली तर फाइल सिस्टिम बिघडू शकते. म्हणून ग्राफिक्स कार्डाचा विचार करण्याआधी ही बॅटरी बदलावी, हे आमचं ठाम मत.

ग्राफिक्स कार्ड आणि प्रोसेसर

यूट्यूबवर १०८० पी व्हिडिओ अडकतो म्हणून अनेक जण जीटी ७१० हे ग्राफिक्स कार्ड घेतात. तो खर्च वाया जातो. यूट्यूबचे बरेच व्हिडिओ व्हीपी९ स्वरूपात येतात, चौथ्या पिढीच्या इंटेलमध्ये ते सोडवायची यंत्रणा नाही, आणि जीटी ७१० मध्येही नाही. जीटी १०३० मध्ये आहे. मात्र तिचे दोन प्रकार मिळतात, त्यातला जीडीडीआर५ घ्यावा. डीडीआर४ चा प्रकार गेममध्ये फारच मागे पडतो. पण त्याआधी फुकटचा उपाय करून बघा: एच२६४इफायसारखं ब्राउझरचं एक्स्टेन्शन यूट्यूबकडून जुन्या एच.२६४ स्वरूपातला व्हिडिओ मागवतं, जो हे मशीन सहज चालवतं.

आय३-४१३० ला दोन कोअर आहेत, त्याच सॉकेटमध्ये बसणाऱ्या आय५-४५७० ला चार. वापरलेला आय५ स्वस्तात मिळाला आणि सीपीयू खरोखर १०० टक्क्यांवर जात असेल, तर ही अदलाबदल परवडते. आधी बोर्डाच्या कंपनीच्या साइटवरची सीपीयू यादी आणि त्यापुढची बायोस आवृत्ती बघा. आय५-४५९० सारख्या पुढच्या वर्षीच्या प्रोसेसरला जुन्या एच८१ वर बायोस अपडेट लागतं, आणि ते जुना प्रोसेसर काढण्याआधी करायचं असतं.

त्यापलीकडचा प्रोसेसर हवा म्हटलं की मदरबोर्ड बदलतो, बोर्डासोबत रॅम, आणि बहुधा एसएमपीएसही. चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला तो हाच. एक भाग बदलताना आणखी दोन बदलावे लागत असतील, किंवा एकूण खर्च रिफर्बिश्ड (तपासून-दुरुस्त करून विकलेल्या जुन्या) मशीनच्या निम्म्यावर जात असेल, तर तिथे थांबा. आठव्या पिढीचा आय५ असलेलं ऑफिसमधून निघालेलं मशीन विंडोज ११ च्या अधिकृत यादीतही बसतं.

विंडोजचा प्रश्न टाळता येत नाही. विंडोज १० चा मोफत आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, घरगुती वापरासाठीची वाढीव सुरक्षा अपडेट १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत आहेत, आणि चौथी पिढी विंडोज ११ साठी अधिकृतपणे चालत नाही. टॅली किंवा श्रीलिपी अशा विंडोजवरच चालणाऱ्या प्रोग्रॅमवर काम असेल तर रिफर्बिश्ड मशीनकडेच वळा. सगळं काम ब्राउझरमध्येच असेल तर एसएसडी आणि ८ जीबी रॅमवर विंडोजऐवजी वापरायचं मोफत लिनक्स मिंट छान चालतं, आणि त्यात मराठी इन्स्क्रिप्ट कीबोर्डही मिळतो. ८ जीबीच्या पेनड्राइव्हवरून ते न टाकताच चालवून बघता येतं. तेवढ्यात प्रिंटर आणि वायफाय चालतात का ते तपासा.

जुनी हार्ड डिस्क निरोगी असेल तर यूएसबी केसिंगमध्ये घालून बॅकअपसाठी वापरा. ती ३.५ इंची असल्याने केसिंगला स्वतःचा १२ व्होल्टचा अ‍ॅडॉप्टर लागतो. फक्त यूएसबीवर चालणारं केसिंग २.५ इंची डिस्कसाठी असतं, त्यात ही डिस्क बसतही नाही.