रुबिक क्यूबचा सॉल्व्हर (क्यूब सोडवणारा प्रोग्राम) लिहिताय? या चुका टाळा

सॉल्व्हर चालेना झाला की पहिला संशय अल्गोरिदमवर घेतला जातो, मग बीएफएस (एकेका मूव्हने पुढे जात सगळ्या शक्यता तपासणारा शोध) काढून ए-स्टार (अंदाज बांधत जवळची वाट आधी बघणारा शोध) लावा, ते काढून अजून काहीतरी, आणि घोळ असतो भलतीकडेच, म्हणजे बाजू फिरवायच्या फंक्शनमध्ये. स्टिकरचे इंडेक्स (लिस्टमधले क्रमांक) हाताने टाइप केले की एखादा आकडा इकडचा तिकडे होतोच. म्हणून सर्चला हात लावायच्या आधी मूव्ह तपासा. आर (उजवी बाजू घड्याळाच्या दिशेने पाव फेरा फिरवणं) चार वेळा केला की क्यूब जागेवर येतो ही टेस्ट सगळेच करतात, पण बाजू उलटी फिरत असली तरी ती पास होते ना राव! त्यापेक्षा आर मग यू (वरची बाजू तशीच फिरवणं), आर मग यू असं सुटलेल्या क्यूबवर चालवत रहा, ३×३ असेल तर १०५ व्या वेळी आणि २×२ असेल तर १५ व्या वेळी क्यूब परत सुटलेला दिसला पाहिजे. ६३ किंवा ९ लाच आला तर दोघांपैकी एक उलटा फिरतोय. दोन्ही उलटे असतील तर हीपण टेस्ट फसते, तेव्हा एक मूव्ह हातातल्या खऱ्या क्यूबशी ताडून बघा.

पायथॉनमध्ये लिस्टला नुसतं बरोबरचं चिन्ह लावून कॉपी होत नाही, नवा क्यूब फिरवला की जुनापण फिरतो. स्टेट (क्यूबची त्या क्षणीची मांडणी) टपलमध्ये, म्हणजे न बदलणाऱ्या लिस्टमध्ये ठेवा, सेटमध्ये टाकतानाही कटकट नाही.

आणि ३×३ वर सरळ बीएफएस नको, सुमारे ४.३ गुणिले १० चा १९ वा घात एवढ्या स्टेट आहेत, रॅम कुठून आणणार? तिथे कोसिएंबाची टू-फेज (दोन टप्प्यांत सोडवायची) पद्धत वापरा. सुरुवात २×२ पासून करा, तो जास्तीत जास्त ११ मूव्हमध्ये सुटतो आणि स्टेट फक्त ३६,७४,१६०. पण एक कोपरा फिक्स धरला तरच हं, नाहीतर तोच क्यूब २४ बाजूंनी धरलेला वेगवेगळा मोजला जातो आणि आकडा ८,८१,७९,८४० वर जातो. मागचा खालचा डावा कोपरा फिक्स धरा आणि फक्त आर, यू, एफ (समोरची बाजू) फिरवा. स्टेट बीएफएसच्या रांगेत टाकतानाच व्हिजिटेड (पाहून झालेली) मार्क करा, बाहेर काढताना केली तर तीच स्टेट रांगेत पुन्हा पुन्हा घुसते.

सगळं बरोबर असूनही उत्तर येत नसेल तर इनपुट बघा. क्यूब उघडून कसाही जोडला तर तो बहुतेक वेळा सुटत नाही आणि एखादा कोपरा हाताने पिळला तर सुटणारच नाही, प्रोग्राम बिचारा सगळ्या स्टेट पालथ्या घालून रिकाम्या हाताने परत येतो. आधीच कोपऱ्यांच्या पिळाची बेरीज करा (० सरळ, १ एका दिशेने पिळलेला, २ उलट दिशेने), ३ ने भाग जात नसेल तर सर्च न करता सरळ 'रंग परत तपासा' असा मेसेज द्या.