विंडोजवरचा घरचा हिशोब लिनक्सवर किंवा मॅकवर नेताय? या चुका टाळा

१४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा सपोर्ट संपला आणि कोल्हापुरातल्या घराघरांतले चांगले चालते कॉम्प्युटर अडचणीत आले. विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय मशीनमध्ये लागते आणि इंटेलचा प्रोसेसर साधारण आठव्या पिढीपासून पुढचा लागतो. राजारामपुरीत पाच-सहा हजारांत घेतलेल्या सेकंडहँड डेस्कटॉपमध्ये ते कुठून असणार? मग कुणी त्याच मशीनवर विंडोजऐवजी लिनक्स मिंट ही फुकट सिस्टीम टाकतंय, तर कुणाच्या घरी कॉलेजला जाणाऱ्या पोरीसाठी मॅकबुक आलंय आणि वडिलांचा हिशोबही त्यावरच न्यायचं ठरलंय.

हा हिशोब म्हणजे बँकेचं पासबुक, पतसंस्थेतली ठेव, भिशी, दूधबिल, ऊसबिल, सोसायटीचं पीककर्ज आणि दोन-तीन म्युच्युअल फंड. ग्नूकॅश किंवा मनी मॅनेजर ईएक्स या हिशोबाच्या प्रोग्रॅममध्ये वर्षानुवर्षं नीट लिहिलेला. हे दोन्ही प्रोग्रॅम विंडोज, मॅक आणि लिनक्स तिन्हींवर चालतात, त्यामुळं खरं तर काम सोपं असतं. फाईल आपोआप फारशी बिघडत नाही. नेताना आपण तिच्यावर जे प्रयोग करतो, त्यानं बिघडते.

आधी फॉरमॅट, मग शोधाशोध

लिनक्स टाकताना "डिस्क पुसून इन्स्टॉल करा" हा पर्याय समोर येतो आणि पोरगं तो दाबून मोकळं होतं. "पप्पा, डॉक्युमेंट्स घेतलेत की पेन ड्राईव्हवर!" पण फाईल डॉक्युमेंट्समध्ये होती का? वनड्राईव्ह चालू असेल तर फोल्डरमध्ये फाईलचं नाव दिसतं, प्रत्यक्ष फाईल मात्र इंटरनेटवर असू शकते. नावाशेजारी ढगाचं चिन्ह असेल तर तिच्यावर राईट क्लिक करून ती कायम या मशीनवर ठेवण्याचा पर्याय निवडा, पूर्ण उतरू द्या, मगच कॉपी करा.

फाईल नेमकी कुठं आहे हे आठवणीवर सोडू नका. ग्नूकॅशच्या फाईल मेनूत अलीकडं उघडलेल्या फाईल दिसतात, तिथून पत्ता घ्या. कारण त्याच फोल्डरात तारीख-वेळ जोडलेल्या नावाच्या भरपूर फाईल असतात. त्या प्रोग्रॅमनं आपोआप काढलेल्या जुन्या प्रती आहेत. घाईत त्यातलीच एखादी उचलली जाते आणि नव्या मशीनवर गेल्या महिन्याचा हिशोब गायब दिसतो. डेटा उडाला म्हणून डोकं धरण्याआधी, आपण कुठली फाईल उघडलीय ते बघा.

उचलून नेण्याऐवजी एक्स्पोर्ट करणं

सगळ्यात महागात पडणारी चूक हीच, आणि ती करणारा माणूस बहुधा थोडा जाणकार असतो. सिस्टीम बदलली म्हणजे डेटाही कुठल्या तरी सर्वमान्य प्रकारात बदलून न्यायला हवा, असं त्याला वाटतं. म्हणून तो सगळं सीएसव्हीत (स्वल्पविरामांनी तोडलेल्या ओळींच्या साध्या मजकूर-फाईलमध्ये) काढतो आणि नव्या मशीनवर पुन्हा भरतो. प्रोग्रॅम दोन्हीकडं एकच असेल तर याची काहीच गरज नाही. ग्नूकॅशची फाईल म्हणजे दाबून लहान केलेली एक्सएमएल, म्हणजे खुणा घातलेल्या मजकुराची, फाईल. तिला विंडोज आणि मॅकचा फरक कळत नाही. प्रोग्रॅम बंद करा, फाईल कॉपी करा, तिकडं उघडा. संपलं.

सीएसव्हीत काय गळतं ते ऊसबिलावरून बघू. समजा पन्नास टन ऊस गेला आणि टनाला ३,३०० रुपये दर धरला, तर बिल होतं १,६५,०००. त्यातून सोसायटीच्या पीककर्जाचे ९०,००० वळते झाले आणि खात्यावर ७५,००० आले. ग्नूकॅशमध्ये ही एकच नोंद असते, तिला तीन फाटे असतात: उत्पन्न १,६५,०००, कर्जफेड ९०,०००, बँक ७५,०००. सीएसव्हीच्या साध्या मांडणीत एका व्यवहाराला एकच ओळ मिळते. बँकेचे ७५,००० तेवढे जातात. नव्या मशीनवर बँकेची शिल्लक पासबुकाशी तंतोतंत जुळते, म्हणून माणूस निर्धास्त होतो. इकडं उत्पन्न ९०,००० नं कमी दिसतं आणि फिटलेलं कर्ज तसंच उभं राहतं. पशुखाद्य कापून येणाऱ्या दूधबिलाचंही तसंच. शिवाय ठरावीक तारखेला आपोआप पडणाऱ्या नोंदी, बजेट, फंडांचे जुने भाव हे सगळं मूळ फाईलमध्ये असतं, सीएसव्हीत ते येत नाही.

प्रोग्रॅमच बदलायचा असेल तर मात्र एक्स्पोर्टला इलाज नाही. मायक्रोसॉफ्ट मनी या हिशोबाच्या प्रोग्रॅमची विक्री २००९ मध्येच थांबली, तरी त्यात हिशोब ठेवणारे अजून आहेत. त्यांची एमएनवाय फाईल मॅकवर किंवा लिनक्सवर तशी उघडत नाही. जुनं विंडोज मशीन चालू आहे तोवरच प्रत्येक खात्याची क्यूआयएफ फाईल (एका हिशोबाच्या प्रोग्रॅममधून दुसऱ्यात नोंदी न्यायची) काढून ठेवा. आणि त्या सगळ्या क्यूआयएफ फाईल ग्नूकॅशमध्ये एकाच वेळी भरा. एकेक करून भरल्या तर बँकेतून पतसंस्थेत टाकलेले दहा हजार एकदा बँकेच्या फाईलमधून येतात आणि एकदा पतसंस्थेच्या, आणि दोन्ही नोंदी तशाच राहू शकतात. एकत्र भरल्या तर प्रोग्रॅमला जोड्या लावायला वाव मिळतो. बँक व्यवहारांची फाईल ओएफएक्स या प्रकारात देत असेल तर तीच घ्या. तिच्यात प्रत्येक व्यवहाराला स्वतंत्र ओळख क्रमांक असतो, त्यामुळं दुबार नोंद पकडली जाते.

टॅलीवाल्यांनी या भानगडीत पडू नये. टॅली विंडोजवरच चालते. लक्ष्मीपुरीतल्या दुकानाचा हिशोब टॅलीत असेल तर एक विंडोज मशीन ठेवा आणि घरचा हिशोब वेगळा न्या.

तारीख उलटली की वर्षच बदलतं

०३/०४/२०२५ म्हणजे आपल्याला ३ एप्रिल. नव्या मॅकवर प्रदेश म्हणून अमेरिका राहिला असेल तर तिथं एक्सेलला ते ४ मार्च वाटतं. महिन्याभराचा फरक एरवी खपून गेला असता, पण आपलं आर्थिक वर्ष ३१ मार्चला संपतं. ३ एप्रिलला मिळालेलं ठेवीचं व्याज थेट आदल्या वर्षात जाऊन बसतं आणि रिटर्न भरताना सीए विचारतो, हे कुठून आलं?

ही चूक अर्धवट होते, म्हणून सापडत नाही. १ ते १२ तारखांच्या नोंदी गुपचूप उलटतात. १३ पासून पुढच्या उलटू शकत नाहीत, कारण तेरावा महिना नसतो. त्या बरोबर राहतात किंवा नुसता मजकूर म्हणून पडून राहतात. एक्सेलमध्ये तारखांचा रकाना बघा. काही तारखा उजव्या कडेला आणि काही डाव्या कडेला चिकटल्या असतील तर हाच घोळ झालाय. उजवीकडच्या एक्सेलनं तारीख म्हणून वाचल्यात, डावीकडच्या त्याला कळलेल्याच नाहीत. ती फाईल हातानं दुरुस्त करत बसू नका. टाकून द्या, मॅकच्या सेटिंगमध्ये प्रदेश भारत करा आणि मूळ फाईलपासून पुन्हा सुरुवात करा. ग्नूकॅशमध्ये सीएसव्ही भरताना तारखेचा क्रम विचारला जातो. तिथं दिवस-महिना-वर्ष निवडा. नुसतं पुढे-पुढे दाबत जाऊ नका.

एक्सेलचा आणखी एक उद्योग: लांब आकडे. बारा आकडी यूपीआय क्रमांक त्याला मोठी संख्या वाटते, तो ती आखडून दाखवतो आणि सीएसव्हीत तशीच आखडलेली लिहितो. पंधरा आकड्यांपेक्षा लांब खाते क्रमांक असेल तर पुढचे आकडे शून्य होतात, आणि सुरुवातीची शून्यं तर पहिल्या झटक्यात जातात. म्हणून बँकेची सीएसव्ही डबल क्लिक करून उघडून सेव्ह करायचीच नाही. बघायचीच असेल तर तिची प्रत उघडा.

मराठी अक्षरांचा गोंधळ

नव्या मशीनवर मराठी नावं बिघडलेली दिसली की लोक एकच निष्कर्ष काढतात: फाईल खराब झाली. खरं तर बिघाडाचे प्रकार वेगळे आणि त्यांचे उपायही वेगळे.

नुसते चौकोन दिसत असतील तर देवनागरी फॉन्ट नाही. फॉन्ट टाका, अक्षरं परत येतील. डोक्यावर चिन्हं असलेली परदेशी अक्षरं रांगेनं दिसत असतील तर फाईल यूटीएफ-८ मध्ये (सगळ्या लिप्यांची अक्षरं साठवायच्या पद्धतीत) आहे, पण उघडणारा प्रोग्रॅम तिला दुसरंच काही समजतोय. लिब्रे ऑफिस उघडतानाच विचारतं, तिथं यूटीएफ-८ निवडा. एक्सेलमध्ये डेटा टॅबमधून टेक्स्ट फाईल आत घ्या आणि तिथं ६५००१ (यूटीएफ-८) हा पर्याय धरा. पण जागोजागी प्रश्नचिन्हं दिसत असतील तर ती अक्षरं त्या प्रतीतून कायमची गेली. कुणीतरी मध्येच साध्या सीएसव्हीत सेव्ह केलंय. आता मूळ फाईलकडंच जावं लागेल.

चौथा प्रकार आपल्याकडं खास आहे. पंधरा-वीस वर्षांपूर्वीचे एक्सेलमधले हिशोब श्रीलिपी किंवा आयएसएम या जुन्या मराठी टायपिंग सॉफ्टवेअरच्या फॉन्टमध्ये टाईप केलेले असतात. फॉन्ट नसलेल्या मशीनवर ते इंग्रजी अक्षरं आणि चिन्हांची खिचडी दिसतात. ते युनिकोड, म्हणजे सगळ्या मशीनवर सारखी वाचली जाणारी अक्षरं, नाहीतच. त्या त्या फॉन्टचा कन्व्हर्टर वापरून आधी युनिकोड करा आणि मग न्या. मात्र रकाना-रकाना करून. अख्खं शीट कन्व्हर्टरमध्ये ओतलं तर इंग्रजीत लिहिलेली बँकेची नावंही मराठी समजून त्यांचा चुथडा होतो.

आणि एक अगदी चिवट कारण. "व्यापाऱ्यांची देणी" या नावातला ऱ्या कॉम्प्युटरच्या आत दोन प्रकारे लिहिला जातो. एकात ऱ हे वेगळंच अक्षर असतं, दुसऱ्यात साधा र, हलन्त आणि एक न दिसणारं जोडचिन्ह. पडद्यावर दोन्ही सारखेच. जुना हिशोब एका कीबोर्डनं लिहिलेला, नवा दुसऱ्यानं, आणि प्रोग्रॅमच्या लेखी ही दोन वेगळी नावं. इम्पोर्टनंतर एकाच नावाची दोन खाती दिसली किंवा शोधूनही नाव सापडेना, तर याचा संशय घ्या. ग्नूकॅशमध्ये जादाचं खातं डिलीट करायला गेलं की त्यातल्या नोंदी कुठं हलवू असं तो विचारतो. योग्य खातं दाखवा, दोन्ही एक होतात.

बारीकसारीक कटकटी

"फाईल लॉक आहे" असा इशारा येतो, कारण जुन्या मशीनवर ग्नूकॅश उघडं असतानाच फोल्डर कॉपी केलं आणि एलसीके नावाची छोटी फाईलही सोबत आली. फाईल दुसरीकडं कुठं उघडी नाही याची खात्री करून "तरीही उघडा" म्हणा. पण हिशोब इंटरनेटवरच्या ड्राईव्हच्या किंवा ड्रॉपबॉक्सच्या फोल्डरात असेल आणि घरचे दोघं दोन मशीनवर उघडत असतील, तर तो इशारा खराच समजा. एकाच्या नोंदी दुसऱ्याच्या खाली गाडल्या जातात.

लिनक्सच्या सॉफ्टवेअर मॅनेजरमधला ग्नूकॅश पुष्कळदा जुनी आवृत्ती असतो. नव्या आवृत्तीत सेव्ह केलेली फाईल जुनी आवृत्ती नाकारू शकते. दोन्हीकडं हेल्पमधून आवृत्ती बघून घ्या, हवी तर फ्लॅटपॅक या लिनक्सवर प्रोग्रॅम टाकायच्या दुसऱ्या मार्गानं ताजी टाका.

बिलांचे फोटो नोंदींना जोडले असतील तर ते दिसणार नाहीत, कारण जोडणी सी ड्राईव्हच्या पत्त्यावर आहे आणि लिनक्सला सी ड्राईव्ह माहीत नाही. फोटोंचं फोल्डर सोबत न्या. विंडोजवर असतानाच ग्नूकॅशच्या प्रेफरन्समध्ये जोडलेल्या फाईलचं मूळ फोल्डर ठरवून ठेवलं असेल, तर नव्या मशीनवर तेवढं एक बदलून भागतं. फाईलच्या नावातली लहान-मोठी इंग्रजी अक्षरं लिनक्सला वेगळी वाटतात हेही लक्षात असू द्या. स्वतः तयार करून ठेवलेले रिपोर्ट हिशोबाच्या फाईलमध्ये नसतात, ते प्रोग्रॅमच्या वेगळ्या फोल्डरात असतात, म्हणून दिसत नाहीत. फंडांचे भाव आपोआप आणण्याची सोयही नव्यानं लावावी लागते.

पेन ड्राईव्ह एक्सफॅट या मांडणीत फॉरमॅट केलेला असावा, तो तिन्हीकडं वाचता-लिहिता येतो. विंडोजच्या एनटीएफएस या मांडणीतलं मॅक वाचतं, पण त्यावर लिहीत नाही.

जुळवणी कशी करायची

नुसती बँकेची शिल्लक जुळली म्हणजे झालं असं नाही, हे ऊसबिलात दिसलंच. जुन्या मशीनवर दोन तारखांचा ट्रायल बॅलन्स, म्हणजे सगळ्या खात्यांच्या शिलकांची यादी, पीडीएफ करून ठेवा, एक गेल्या ३१ मार्चचा आणि एक हलवण्याच्या दिवसाचा. नव्या मशीनवर तेच दोन काढून ओळीनं ताडून बघा. फरक एखाद्या नोंदीएवढाच असेल तर ती दुबार झालीय किंवा सुटलीय. नोंदीच्या दुप्पट असेल तर जमेची नोंद नावे पडलीय; बँकेच्या सीएसव्हीत जमा आणि खर्चाचे रकाने वेगळे असतात, तिथं हे हमखास होतं. फरक काही पैशांचाच असेल तर म्युच्युअल फंडाची युनिटं बघा. ती तीन दशांशांपर्यंत असतात, आणि खात्याच्या सेटिंगमध्ये दोनच दशांश ठेवले असतील तर प्रत्येक एसआयपीला थोडी थोडी कापली जातात.

सगळं जुळलं तरी जुनी डिस्क लगेच पुसू नका. निदान हे वर्ष संपून रिटर्न भरेपर्यंत ठेवा. एक प्रत घराबाहेर असू द्या, भावाकडं, लेकीकडं, कुठंही. ऑगस्ट २०१९ आणि जुलै २०२१ च्या पुरात पंचगंगेचं पाणी शाहूपुरीत, दुधाळीत घरात शिरलं, तेव्हा कॉम्प्युटर आणि त्याच टेबलाच्या खणात ठेवलेला बॅकअप दोन्ही एकदमच पाण्यात जायची वेळ अनेकांवर आली. आणि जुनं मशीन विकायला काढाल तेव्हा डिस्क काढून घ्या किंवा पूर्ण पुसा. ग्नूकॅशच्या फाईलला पासवर्ड नसतो, ज्याच्या हातात ती पडेल तो तुमची प्रत्येक ठेव वाचू शकतो.